शिवणीची उलटी बाजू

शेडमध्ये सगळे त्यांना तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे चाळणीमिस्त्री. पाठीमागचं नाव त्यांनाही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना थोडा अभिमानच होता. सव्वीस वर्षं या माणसाने रॉडचं वेल्डिंग केलं. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, टाक्यांचे स्टँड, हातगाड्यांच्या चौकटी, काय म्हणाल ते. रॉड लोखंडाला घासला की ठिणग्यांचा फवारा उडायचा, आणि त्यातल्या चार-दोन रोज मिस्त्रींच्या शर्टात शिरून आपापलं भोक पाडून जायच्या. शर्टाची चाळण होणार नाही तर काय?

ही चाळण बुजवायचं काम बायकोकडे. ती घरी शिवणकाम करायची. खिडकीशी तिचं मोटर लावलेलं मशीन होतं, शेजारी कपड्यांचे गठ्ठे. संध्याकाळी मिस्त्रींनी शर्ट काढला की ती तो खिडकीच्या उजेडात धरायची आणि भोकं मोजायची. खांद्यावर भोकं म्हणजे आज डोक्यावरचं काम होतं, पोटावर म्हणजे टेबलावरचं. नवरा दिवसभर काय करून आला हे तिला त्याला विचारावं लागत नसे. तसंही विचारून फार काही कळलं नसतं, कारण मिस्त्री बोलण्यात कंजूष होते आणि राग मात्र नाकाच्या शेंड्यावर.

तर अशा माणसाला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं. झालं असं, की मालकांनी दवाखान्यातल्या चाकाच्या खुर्च्या बनवायचं मोठं काम घेतलं. खुर्चीचा पाइप पातळ. रॉड लावला तर भोक पडणार, नाहीतर गाठी येणार. तिथे गॅसच्या आडोशाने करायचं नाजूक टिग वेल्डिंगच हवं. मालकांनी नवं मशीन आणलं, आर्गॉन गॅसची नळकांडी आणली आणि मिस्त्रींना समोर बसवून स्वच्छ सांगितलं. सहा आठवडे शिकायला. मग खुर्च्या घेणाऱ्यांचा तपासनीस येईल, दोन पत्रे जोडून दाखवायचे. जोड पास झाला तर खुर्च्यांचं वेल्डिंग मिस्त्रींचं. नाही झाला तर बाहेरून वेल्डर आणावा लागेल, आणि मिस्त्रींनी रंगखात्यात जायचं. पगार तोच राहील.

पगार तोच राहील, हेच मिस्त्रींना टोचलं. कमी केला असता तर भांडता तरी आलं असतं. आता भांडायचं कशावरून? सव्वीस वर्षांनी आपण वेल्डर राहणार की नाही, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो पैशात बसणारा नव्हता. रंगखात्यातला पेंटर त्यांचा जुना दोस्त. त्याने लगेच एक ब्रश धुऊन खिळ्याला टांगला आणि हा तुझ्या नावाचा म्हणून सांगितलं. चेष्टाच होती, पण मिस्त्री त्या दिवशी त्याच्याबरोबर चहाला गेले नाहीत.

शिकवायला आली एक पंचविशीतली मुलगी. काडीसारखी बारीक, आवाज त्याहून बारीक. शेडने तिचं नाव मास्तरीण ठेवलं. मिस्त्री तिला पोरगी म्हणत, तेही तिच्यामागे, आणि ती त्यांना काका म्हणे. तिने सांगितलं, की या टॉर्चच्या टोकाशी टंगस्टनची सुई असते, ती वितळत नाही, फक्त तापते. लोखंडाला ती टेकवायची नाही. केसभर वर धरायची, पायाखालचं पेडल दाबायचं, जाळ आपोआप पेटतो. जेवढं पेडल दाबाल तेवढा करंट. उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात भरायची तार, आणि पाय पेडलवर.

मिस्त्रींनी मान डोलावली. चार पावसाळे जास्त पाहिलेला माणूस कुणाचं शेवटपर्यंत ऐकत नाही. त्यांनी हेल्मेट खाली ओढलं आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने सुई पत्र्यावर काडी ओढावी तशी खर्रकन घासली. सुई चिकटली. मास्तरणीने ती सोडवली, ग्राइंडरवर पुन्हा टोक काढून दिली. दुसऱ्यांदाही चिकटली. त्या पहिल्या दिवशी तिने नऊ वेळा टोक काढलं आणि एकदाही कपाळाला आठी घातली नाही. मिस्त्रींना त्याचाच जास्त राग आला.

पण खरी फजिती दुपारी झाली. कसाबसा बोटभर जोड जमला. जोड झाला की वरची काजळी, स्लॅगची खपली हातोडीने उडवायची, ही रॉडवाल्यांची रीत. मिस्त्रींनी हेल्मेट वर केलं, टोकदार हातोडी उचलली आणि ठकठक सुरू केली. काही उडेना. आणखी जोरात हाणली. सगळी शेड काम थांबवून बघायला लागली. पेंटरने तर डबा खाली ठेवला.

"काका," मास्तरीण हळूच म्हणाली, "इथे फोडायला काही नसतं. आहे ते असंच दिसतं."

शेड हसली. मिस्त्रींनी हातोडी खिशात घातली आणि उरलेला दिवस पत्रे घासण्यात घालवला. तेही नव्यानेच शिकावं लागलं. रॉड गंज, काळी साल, जुना रंग सगळं जाळून पुढे जातो. टिगला ते चालत नाही. साधं माइल्ड स्टील, पण त्याच्यावरची काळी साल पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडायची, पुसून काढायची आणि नंतर बोटही लावायचं नाही. ज्या लोखंडाला त्यांनी आयुष्यभर लाथा मारून सरळ केलं, त्याच्याशी आता पाहुण्यासारखं वागायची वेळ आली होती.

त्या संध्याकाळी बायकोने शर्ट उजेडात धरला. मागून पाहिला, पुढून पाहिला, बाह्या उलगडल्या. एकही भोक नाही.

"काढून टाकलं का तुम्हाला?" तिने विचारलं.

मिस्त्री आधी चिडले, मग त्यांना हसू आलं, आणि मग बऱ्याच वर्षांनी त्यांनी दिवसभराचं सगळं सांगितलं. या वेल्डिंगला ठिणग्याच नाहीत हेही सांगितलं. हातोडीचंही सांगितलं. हातोडीवर ती इतकी हसली, की तोंडात धरलेल्या टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या. शर्टाला भोकं नसली की नवऱ्याला तोंड उघडावं लागतं, ही सोय तिला बरी वाटली.

पहिले दोन आठवडे पायाने खाल्ले. रॉडच्या कामात पायाला उभं राहण्यापलीकडे उद्योग नव्हता. आता पेडल दाबलं की भसकन भोक पडायचं, घाबरून सोडलं की जोडाच्या शेवटी खड्डा राहायचा आणि त्यात केसाएवढी चीर. मिस्त्री पेडलला नावं ठेवत, खुर्चीच्या उंचीला ठेवत, शेडच्या फरशीला ठेवत. नाचता येईना अंगण वाकडं, असं पेंटर म्हणाला, पण त्याने खिळ्यावरचा तो ब्रश मात्र गुपचूप काढून घेतला होता. चेष्टा कुठे थांबवायची हे ज्याला कळतं तोच दोस्त.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मिस्त्री एक तुकडा पिशवीत घालून घरी आले. दोन पत्रे, मधे सरळ जोड, वर माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसलेल्या लाटा. भोक नाही, गाठ नाही. त्यांनी तो बायकोच्या मशीनवर, शिवत होती त्या फ्रॉकच्या शेजारी ठेवला आणि बाजूला सरकून उभे राहिले.

बायकोने तुकडा उचलला आणि पुढून धड पाहिलाही नाही. सरळ उलटा केला. शिवणवाल्यांची ही खोडच असते. कुणाच्या लग्नातही समोरच्या बाईच्या पदराची उलटी बाजू बघतील. तिने मागच्या बाजूवरून नख फिरवलं.

"ही फट तशीच आहे," ती म्हणाली.

फट तशीच होती. लोखंड वरच्यावर बसलं होतं, आरपार गेलंच नव्हतं. भोक पडेल या भीतीने मिस्त्रींचा पाय पेडलवर टेकतच नव्हता, तर आरपार जाणार कसं? पण हे कबूल कोण करणार? ते म्हणाले, की मागची बाजू कोण बघतं.

"जो त्या खुर्चीत बसेल त्याला कळेल," बायको म्हणाली. "पुढून सगळेच शिवतात हो."

मिस्त्री जाऊन दारात बसले. राग आला होता, पण आतून त्यांना माहीत होतं, की सहा आठवड्यांतले तीन गेले आणि आपल्याकडे दाखवायला फक्त पुढची बाजू आहे. रंगाचा वास आत्तापासूनच नाकात येत होता. तपासनीस काही पदर बघणारा नव्हता, पण उलटं करून तोही बघणारच.

थोड्या वेळाने बायकोने हाक मारली. मशीनमधला दोरा तिने काढून ठेवला होता, आणि सुईखाली जुनी चादर सरकवली होती. बसा, म्हणाली. मिस्त्रींनी या मशीनला सव्वीस वर्षांत तेल घालण्यापलीकडे हात लावला नव्हता. त्यांनी पेडलवर पाय ठेवला आणि मशीन बेफाम सुटलं, चादर निम्मी आत ओढली गेली. बायकोने चप्पल काढायला लावली. अनवाणी पायाने पुन्हा. मग म्हणाली, एक टाका घाला. फक्त एक. मग थांबा. मग दोन. मग न थांबता हळू, मग थोडं जोरात, आणि कोपरा जवळ आला की पुन्हा हळू.

"मशीन पळवायला अक्कल लागत नाही," ती म्हणाली, "थांबवायला लागते. शेवट आला म्हणून पाय काढून घ्यायचा नाही. शेवटालाच तर पाय लागतो."

पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी मिस्त्री अर्धा तास मशीनवर बसत. चादरीची खरोखरची चाळण झाली. गिऱ्हाईक बायका कपडे न्यायला येत आणि मिस्त्रींना मशीनवर बघून तोंडावर हात धरत. मिस्त्री मान वर करत नसत. शेडमध्ये त्यांनी पातळ तळव्याच्या चपट्या चपला मागितल्या, तेव्हा मास्तरणीने जाड बूटच हवेत असं ठणकावलं. गरम लोखंड पायावर पडलं तर पेडल कोण दाबणार? मिस्त्रींनी निमूट ऐकलं. बुटातूनही आता त्यांना पेडल कळायला लागलं होतं. आधी जोर देऊन लोखंडाचं लहानसं चमकतं डबकं करायचं, ते पुढच्या कडेला खाली बसलं की आरपार गेलं. तेव्हा तारेचा एक थेंब. मग सरकायचं. डबकं पसरायला लागलं की पाय जरासा सैल. मास्तरीण शेजारी उभी राहून बघे, आणि आता बोलण्यासारखं फार नसल्यामुळे गप्प असे.

परीक्षेच्या दिवशी तपासनीस आला. जाड चष्मा, खिशाला भिंग. मालक त्याच्यामागे हात चोळत उभे. मिस्त्रींनी पत्रे घासले, पुसले, हेल्मेट ओढलं. जोड झाला. मालकांनी दुरूनच मान हलवली, छान दिसत होता. तपासनिसाने हात पुढे केला.

मिस्त्रींनी तुकडा दिला नाही. चिमट्यात धरून आधी स्वतःच उलटा केला. मधोमध, बोटभर अंतरात, फट उघडी राहिली होती. तिथे पाय कचरला होता, आणि ते त्यांना हेल्मेटच्या आतच कळलं होतं.

"हा नाही," ते म्हणाले. "मागून राहिलाय. बाई, आणखी दोन पत्रे द्या."

मालकांचा चेहरा पडला. मास्तरणीने मात्र पत्रे देताना मान खाली घातली, कारण पाठीमागे आपल्याला पोरगी म्हणतात हे तिला ठाऊक होतं, आता त्या पोरगीची बाई झाली होती, आणि तिला हसू आवरेना. तपासनीस घड्याळ बघून म्हणाला, एवढा एकच.

या वेळी मिस्त्रींनी घाई केली नाही. डबकं खाली बसेपर्यंत वाट पाहिली, मगच सरकले. मधला भाग आला, पाय कचरला नाही. शेवटाची कड आली. सव्वीस वर्षं कड आली की रॉड झटकन उचलायची सवय, पण त्यांनी पाय तसूतसूने वर घेतला, शेवटचा थेंब भरला, आणि लोखंड निवेपर्यंत टॉर्च तिथेच धरून ठेवली. गॅसची फुसफुस थांबली तेव्हा कुठे हेल्मेट वर केलं. तपासनिसाने तुकडा उलटा केला. मागे शेवटपर्यंत एकसारखी बारीक कड उठली होती. मग त्याने पट्टी कापून टेबलावरच्या लोखंडी पकडीत आवळली, हातोडीने वाकवली, भिंगातून पाहिलं. चीर नाही. त्याने कागदावर सही केली आणि चहा मागितला. पेंटरने स्वतः आणून दिला.

मिस्त्रींना वाटलं होतं, घरी जाऊन एका दमात सांगू. पण दारात पोचले आणि आधी पिशवीत हात गेला. त्यांनी नुसता वाकवलेला तुकडा पुढे केला. बायकोने उलटा करून नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही. तिने तुकडा मशीनवर ठेवला, कपाटातून एक घडी काढली आणि त्यांच्या हातात दिली. जाड सुती कापडाचा, पूर्ण बाह्यांचा गडद निळा शर्ट होता. कामावर घालायला नवा शर्ट मिस्त्रींना सव्वीस वर्षांत मिळाला नव्हता. जुना विटला की तोच कामाचा, अशी घरची रीत. आणि हा आज दुपारी शिवलेला नव्हता. काजपट्टी, गुंड्या, इस्त्री, सगळं झालेलं होतं. म्हणजे त्यांच्या पायाला अजून काही जमत नव्हतं, तेव्हाच तिने कापड बेतलं होतं.

मिस्त्रींनी घडी उलगडली. मग खिडकीपाशी गेले, शर्ट उलटा केला आणि बगलेतली शिवण उजेडात धरून शेवटपर्यंत बघत गेले.

"पास आहे का?" बायकोने विचारलं.

"आहे," मिस्त्री म्हणाले. "शेवटाला पाय हळू उचललाय."