फॉर्मची मागची बाजू

माणूस भेटला की जॉबरजी आधी नाव विचारायचे नाहीत. दोन बोटांत तुमच्या शर्टाची बाही धरायचे, अंगठ्याने चोळायचे आणि निकाल द्यायचे. सुती असेल तर नुसतं "हं." नसेल तर "पॉलिस्टर!" आणि मग बोटं पँटला पुसायचे. पहिल्या भेटीत मला पॉलिस्टर मिळालं. आमच्या साहेबांनाही मिळालं, पण त्यांना ते कौतुक वाटलं.

जॉबर म्हणजे मिलमध्ये मागांच्या रांगेवर आणि ते चालवणाऱ्यांवर नजर ठेवणारा माणूस. इंदूरच्या मिलांना एकेक करून कुलपं लागली, भोंगे बंद झाले, तरी जुन्या इंदुरात यांना सगळे जॉबरजीच म्हणत. मिलची यंत्रं भंगारात निघाली तेव्हा यांनी भंगारवाल्याकडून चार माग सोडवून आणले, पत्र्याच्या शेडमध्ये बसवले आणि मिलमधले चार सोबती घेऊन जखमेवर बांधायची जाळीची पट्टी विणायला लागले. पाच माणसं, सगळी पन्नाशीच्या पुढची, सगळ्यांची नोकरी एकदा गेलेली.

मी तेव्हा वेबसाइट बनवून देणाऱ्या कंपनीत होतो. कंपनी कसली, राऊ गावाच्या रस्त्यावर दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि एक काचेचा दरवाजा. साहेब येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "अब तो पूरी दुनिया अपना बाजार है, भिया." आणि गिऱ्हाइकं तरी काय एकेक, काय सांगू तुम्हाला! एकाला पहिल्याच पानावर डरकाळी फोडणारा वाघ हवा होता. धंदा बनियनचा. दुसऱ्याने विचारलं, वेबसाइटचं तोंड पूर्वेला ठेवता येईल का? तिसऱ्याने ज्योतिषाच्या सांगण्यावरून कामाच्या मध्येच दुकानाचं नाव दोनदा बदललं. काय विकता? "सब कुछ." कोणाला? "सबको." चौकशी आली तर उत्तर कोण देणार? "आप ही दे देना ना." आम्ही प्रत्येकाला एक फॉर्म द्यायचो: माल कोणता, किती निघतो, घेणारा कोण, फोटो कुठे, पत्रं कोण वाचणार. तो कोराच परत यायचा. एकाने तर त्यावर पोहे खाऊन आणला होता. स्वतःच्या धंद्याबद्दल चार ओळी लिहिता येऊ नयेत, आणि म्हणे दुनियेत जायचंय.

जॉबरजींना दुनियेत वगैरे जायचं नव्हतं. मुंबईचा एक व्यापारी छोट्या दवाखान्यांना पट्ट्या पुरवायचा. तो फोनवर म्हणाला होता, आधी तुमची वेबसाइट दाखवा, मग बघू. चारातले दोन माग तेव्हा बंदच होते. हा माल गेला नाही तर दिवाळीपर्यंत शेड बंद करावी लागणार, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं.

"चौघांना एकदा मिलच्या गेटवरून परत पाठवलंय रे. आता माझ्या गेटवरून नाही पाठवायचं."

आठ दिवसांनी त्यांनी फॉर्म आणून दिला. एकही रकाना रिकामा नाही. सोबत फोटो होता, गल्लीतल्या लग्नाच्या फोटोग्राफरने काढलेला. पाचही जण इस्त्रीचे शर्ट घालून मागाशेजारी ताठ उभे, मुंजीला आल्यासारखे. आणि फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कोणी न विचारता त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: आम्ही काय करत नाही. रंगीत माल करत नाही. चार मागांवर निघेल त्याहून जास्त घेत नाही. लाईट जाते तेवढा वेळ काम बंद. घाईचा माल करत नाही, कारण दोघांना आता कमी दिसतं.

"हे कशाला, जॉबरजी?" मी विचारलं.

"अरे, घेणाऱ्याला आधी कळायला नको? नंतर खिटखिट कशाला?"

साहेबांनी ती मागची बाजू वाचली आणि खो खो हसले. "ये आदमी धंधा करने बैठा है कि कबूल करने?" म्हणाले. त्यांनी फोटो बाजूला सारला. कुठल्याशा परदेशी कारखान्याच्या लखलखीत हॉलचा फोटो इंटरनेटवरून काढून दिला, त्यात पांढरे डगले घातलेल्या गोऱ्या बायका. खाली इंग्रजीत लिहायला सांगितलं: जागतिक दर्जा, चारशे कामगार, हवा तेवढा माल, हवा तेव्हा. टाइप मीच केलं. पाचाचे चारशे करताना माझं बोट जरासुद्धा अडलं नाही. जॉबरजी भाबडे आहेत, मार्केटिंग त्यांना काय कळणार, असंच मला वाटत होतं. पंचवीस वर्षांचं गाढव होतो मी.

ते बघायला आले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, आणि त्या दिवशी आमची इंटरनेटची लाईन इतकी मंद की फोटो उतरलाच नाही, फक्त मोकळी चौकट दिसत राहिली.

"मागची बाजू घातलीस ना रे?"

"हो जॉबरजी, आत आहे," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले.

व्यापाऱ्याला वेबसाइट आवडली. तो स्वतः इंदूरला येतोय म्हणाला. जॉबरजींचा मला फोन आला, "तूही ये रे, तुझंच काम आहे." मी त्या दिवसासाठी मुद्दाम नवा शर्ट घेतला. शुद्ध सुती. त्यांच्या तोंडून एक "हं" ऐकायचा होता मला, माझ्या बाहीसाठी.

शेड धुऊन काढली होती. चारही माग चालू होते, पाचही जणांनी फोटोतलेच शर्ट घातले होते. व्यापारी दारात थांबला. त्याच्या हातात आमच्या पानाचा छापील कागद होता. त्याने शेडकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"ये हॉल किधर है?"

जॉबरजींनी कागद घेतला आणि बराच वेळ बघितला. "या बाया कोण?" त्यांनी मला विचारलं.  व्यापाऱ्याने चारशे कामगारांची ओळ हिंदीत वाचून दाखवली. मागावरच्या चौघांनी ऐकलं. एकेक माग थांबला.

तोवर व्यापाऱ्याने पट्टीचा एक तागा उचलून उजेडात धरला होता. "माल तो बढ़िया है," तो म्हणाला. "और मुझे चाहिए भी इतना ही था, जितना चार मशीन पे निकल जाए. यही लिख देते. पर जो पहले कागज पे ही झूठ बोले, उसकी पट्टी मैं मरीज को कैसे बांधूं?" आणि तो गेला.

जॉबरजी त्याला सांगू शकले असते की हे या पोराने लिहिलंय. सांगितलं नाही. कागदाची घडी करून त्यांनी ती माझ्या हातात दिली. सवयीने त्यांची दोन बोटं माझ्या बाहीकडे आली आणि वीतभर अंतरावर थांबली. मग त्यांनी हात मागे घेतला आणि मागाकडे वळले. निदान "पॉलिस्टर" म्हणाले असते तरी चाललं असतं मला.

दिवाळीच्या आधीच चारही माग पुन्हा त्याच भंगारवाल्याकडे गेले. जॉबरजी महूला मुलीकडे राहायला गेले आणि दोन वर्षांत वारले. मी भेटायला गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतो?

साहेब पुढे जमिनींच्या धंद्यात गेले. माझी आता स्वतःची वेबसाइटची कंपनी आहे. फॉर्म तोच आहे, फक्त मागच्या बाजूवर मी एक ओळ छापून घेतलीय: आम्ही काय करत नाही. इतक्या वर्षांत ती बाजू एकाही शहाण्याने भरून आणलेली नाही. "हे कशाला, सर?" विचारतात. पूर्वी मी समजावून सांगायचो. आता फक्त त्यांच्या बाहीकडे बघतो.

तो सुती शर्ट कपाटात आहे. त्या दिवसानंतर एकदाही अंगात घातला नाही.