कापलेलं ‘म्हणे’

सरांवर अन्याय झाला. गुलाबी बोंडअळीनं आमचा कापूस खाल्ला त्याच्या पुढच्या वर्षी, पोळ्याच्या दिवशी, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात, तोरणाखाली बैल उभे असताना. त्यांचं बोलणं अर्ध्यात कापलं गेलं. कोणी कापलं ते मला माहीत नाही. पुढं पाठवणारे पुष्कळ माहीत आहेत. त्यातले काही आत्ता हे वाचत असतील. वाचा.

सर धर्माचे अभ्यासक. कॉलेजातून निवृत्त झालेले, यवतमाळच्या नोकरदार घरातले, पण आमच्याच गावात राहणारे. कोणी देवाधर्माबद्दल काही बोललं की कानामागं हात धरायचे आणि विचारायचे, “कोण म्हणते?” ऐकू चांगलं यायचं. खोटं की खरं हे त्यांनी कधी विचारलं नाही. कोण म्हणते, एवढंच.

मी कापूस आंदोलनाची पत्रकं लिहायचो, वाटायचो. एका पत्रकात ठोकून दिलं होतं की देव हा व्यापाऱ्यांचा दलाल आहे. चौकात सरांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्यानं वाचलं.

“हे कोण म्हणते?”

“मी म्हणतो.”

“मंग खाली नाव काहून नाही तुहं? लिहिलं असतं तर भांडता आलं असतं तुझ्याशी. आता कोणाशी भांडू?”

असा माणूस. भांडायला घरी बोलवायचा आणि चहा पाजायचा.

एकदा त्यांच्यासोबत कळंबला गेलो होतो. चिंतामणीचं देऊळ जमिनीखाली; पायऱ्या उतरताना एक बाई आपल्या सुनेला देवाची कथा सांगत होती. मला ती कथा ओळखू आली, आदल्या आठवड्यात टीव्हीच्या मालिकेत झाली होती. बाईनं मात्र शेवटी ठासून सांगितलं, “पुरानात हाये म्हणे.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “सर, पुराणात कुठं आहे हे? सांगायचं ना तिला.”

“नव्हतं. आता ती सुनेले सांगून राह्यली, सून पोरीले सांगीन. पुराण दुसरं कसं होते रे?”

मला राग आला. सिनेमाच्या चालीवरची आरती लाउडस्पीकरवर वाजत होती, तिच्याकडं बोट दाखवून म्हटलं, हेही तुम्हाला चालतं का. सर थांबले. स्पीकरखाली एक म्हातारी डोळे पुसत उभी होती. “चाल उसनी आहे, कबूल,” ते म्हणाले. “रडणं उसनं दिसते काय तुले?”

जीपमध्ये परतताना त्यांनी मला आपला सगळा अभ्यास एका शब्दात सांगितला. तो शब्द ‘म्हणे’. पंडित लोक ‘असं आहे’ म्हणतात, तुमच्यासारखे पोट्टे ‘असं नाही’ म्हणतात, आणि अख्खा गाव ‘म्हणे’ म्हणतो. श्रद्धा त्या ‘म्हणे’त राहते. माणूस मानतोही आणि जरा बाजूला उभा राहून पाहतोही. मी हसलो होतो.

आता पोळ्याचं ऐका. आपल्याकडं तोरणाखाली झडत्या होतात हे तुम्ही लहानपणापासून ऐकलं आहे. भाव पाडणाऱ्यांना, पुढाऱ्यांना, खुद्द महादेवाला चार ओळींत टोले द्यायचे आणि शेवटी त्याच्याच नावाचा जयघोष करायचा. कोणाच्या भावना दुखत नाहीत. त्या वर्षी उत्सव मंडळानं पोळा फुटायच्या आधी सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. आदला हंगाम सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता. सर माईकवर म्हणाले:

“महादेव बहिरा झाला, त्याले हाका मारून काही होत नाही, म्हणे. एक वेचणारी बाई म्हणाली मले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तीच बाई पिंडीवर पाणी घालून राह्यली. म्हटलं, बाई, आता काहून? तर म्हणते, बहिऱ्याले हातानं सांगा लागते.”

माझ्या शेजारच्या माणसानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला तो उचललाच नाही.

संध्याकाळपर्यंत क्लिप फिरली. “महादेव बहिरा झाला, त्याले हाका मारून काही होत नाही.” बस. मराठीत ‘म्हणे’ शेवटी येतं. कापणाऱ्याला तेवढंच कापायचं होतं.

दुसऱ्या दिवशी, करीला, मंडळाची पोरं सरांच्या दारात. मीही धावत गेलो. सगळे सरांचेच विद्यार्थी किंवा विद्यार्थ्यांची पोरं, त्यामुळं चपला बाहेर काढून आत आले आणि मग शिव्या दिल्या.

मी सांगितलं, हे सरांचं वाक्य नाही, एका बाईचं आहे. त्यांचा म्होरक्या लगेच म्हणाला, “ठीक हाये सर. कोण बाई? नाव सांगा, तुमचा विषय संपला.”

आयुष्यभर सगळ्यांना ‘कोण म्हणते’ विचारणारा माणूस माझ्यासमोर उठून उभा राहिला. मग म्हणाला, “मी म्हणतो.”

“काल तर बाई म्हणत होते.”

“आज मी म्हणतो. माह्या नावावर घ्या.”

त्यांनी घेतलं. कॉलेजातलं व्याख्यान रद्द झालं. कीर्तनाला गेले तर आजूबाजूची माणसं उठून दुसरीकडं बसली. सर कीर्तनाला जायचे बंद झाले, मग बाजाराला. मी पत्रक काढतो म्हटलं तर माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. “पत्रकात बाई आली की लोक तिचं घर शोधतीन. एकटी राहते ती. खबरदार.”

पुढच्या पोळ्याला मी त्यांच्याकडं बसलो होतो. मैदानावरच्या झडत्या खिडकीतून ऐकू येत होत्या. महादेवाला कोणीतरी खणखणीत टोला दिला, लोक हसले. सरही हसले. मग खिडकी लावायला सांगितली.

गेल्या वेचणीच्या दिवसांत सर गेले. मोक्षधामात माणसं इतकी कमी की खांदा बदलायला वेळ लागत होता. परत निघताना एका बाईनं मला फाटकाशी अडवलं. हाताच्या बोटांना बोंडाच्या काट्यांचे ओरखडे होते.

“भाऊ, ते मीच म्हनलं होतं,” ती म्हणाली. “सर रोज येऊन सांगे, बोलू नको, बोलू नको. आता कायले चूप राहू? तुम्ही लिहून टाका. माहं नाव टाका.”

लिहिलं आहे. नाव टाकणार नाही. सरांनी ते सांभाळायला स्वतःचा गाव गमावला, मी कोण ते चव्हाट्यावर आणणारा?

पण तुम्ही सुटत नाही. ती क्लिप तुमच्या फोनमध्ये अजून असेल. गुपचूप पुसून टाकू नका. ज्या ज्या गटात तुम्ही ती पाठवली होती, त्या प्रत्येक गटात आज सरांचं उरलेलं बोलणं पाठवा. वर दिलं आहे. पूर्ण पाठवा.