नापासाचा खडू

शाळेला देणगीत मिळालेल्या नव्याकोऱ्या डिजिटल फळ्यावर मी पर्मनंट मार्करने 'अपूर्णांक' असं लिहिलं. मग घाबरून ते तारेच्या घासणीने घासलं. शब्द गेला, पण जाताना फळ्याची मधली दोन वीत जागा बधिर करून गेला. तिथं बोट लावा नाहीतर डोकं आपटा, फळा ढिम्म. या प्रकारानंतर उभ्या सोलापुरात मला मूर्ख न म्हणणारा एकच माणूस निघाला, तो म्हणजे आमच्या शाळेचे हस्तकलेचे मास्तर. तेही माझ्यावरच्या मायेने नव्हे. मास्तरांच्या मते जगात मूर्ख माणूस नसतोच, असतात त्या मूर्ख वस्तू. त्यांनी फळ्याकडे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं, सदऱ्याच्या खिशातून खडू काढला आणि त्या चकचकीत काळ्या चौकटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'नापास'.

"फळ्यासारखं दिसतंय म्हटल्यावर माणूस लिहिणारच की," ते म्हणाले. "तुमची काय चूक हाय, सर? घासणीचं मात्र तुमचं तुमाला ठावं."

हा खडू मास्तरांच्या खिशात कायम असे. जी वस्तू वापरायची कशी हे लिहून सांगावं लागतं, ती नापास, असा त्यांचा साधा नियम होता. नियम साधा असला तरी त्याची अंमलबजावणी साधी नव्हती. अक्कलकोटला आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात हात धुवायला नवीन धर्तीचे नळ होते. ते पिळायचे, दाबायचे की त्यांच्यापुढे हात जोडायचे, हे कुणालाच कळेना. वरणाने माखलेले हात वर धरून पंचवीसएक वऱ्हाडी उभे होते, जणू दरोडा पडलाय. मास्तरांनी आरशावर 'नापास' लिहिलं, मांडवाबाहेर जाऊन स्वयंपाक्याच्या पिंपात हात बुडवले आणि शांतपणे पान लावायला बसले. माझ्या बायकोने हौसेने आणलेला हवाबंद डबा दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढल्याशिवाय उघडत नसे. त्याच्या झाकणावर तर त्यांनी दोनदा 'नापास' लिहिलं, कारण पहिल्यांदा लिहिलेलं तिने पुसलं होतं. स्वतःच्या मुलीचं स्थळ पाहायला गेले तेव्हा नवऱ्या मुलाच्या घरच्या सोफ्यात ते असे रुतले की दोघांनी धरून उठवावं लागलं. उठल्या उठल्या त्यांनी खिशात हात घातला. त्यांच्या बायकोने तो हात घट्ट धरून ठेवला म्हणून ते लग्न झालं. व्याही अजून सांगतात, बाई फार मायाळू आहेत हो, सगळा वेळ नवऱ्याचा हात हातात धरून बसल्या होत्या.

पास होणाऱ्या वस्तू थोड्या. अडकित्ता पास. एसटीतली घंटेची दोरी पास. आणि सगळ्यांत वरच्या श्रेणीत पास म्हणजे कडक भाकरी. "ती कशी मोडायची ते कुणी सांगाय लागतंय का? हातात आली की मोडतीया. भाकरीला कधी सूचना चिकटवलेल्या बघितल्या का तुमी?" मी पाहिल्या नव्हत्या.

हे सगळं त्यांच्यात मागावरून आलं होतं. शाळेत येण्याआधी कित्येक वर्षं ते चादरीच्या कारखान्यात नक्षीचे पुठ्ठे पाडत. मागावर चढवायच्या लांब पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. भोक असेल तिथं धागा वर उचलला जाणार, नसेल तिथं खाली राहणार, आणि त्यातून चादरीवर मोर उमटणार. घरी तेलुगू, बाहेर आमची सोलापुरी मराठी आणि मागाशी मौन, अशी त्यांची जवानी गेली. "माग आपलं ऐकत न्हाय, सर," ते म्हणत, "त्याला काय जमत न्हाय ते आधी इचारायचं. मग मोर काढायचा." आमच्या शिक्षक-प्रशिक्षणात पोरांच्या बाबतीत हीच गोष्ट मला तीन दिवस पडद्यावर दाखवली होती. मी तीन दिवस उत्तम झोपलो होतो.

तर, फळा. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. शुक्रवारी शिक्षण खात्याचे साहेब डिजिटल वर्ग तपासायला येणार होते. बाई आवाज चढवत नसत. "बार्शीच्या शाखेत गणिताची जागा रिकामी आहे," त्या म्हणाल्या, "तिथं अजून खडूचाच फळा आहे. तुम्हाला बरं पडेल." माझी आई आजारी होती. तिला दुपारचं औषध द्यायला मी मधल्या सुट्टीत सायकलवर घरी जात असे. बार्शीहून मधल्या सुट्टीत घरी येणारी सायकल अजून निघालेली नाही. मी मास्तरांच्या खोलीत जाऊन त्यांच्या स्टुलावर बसलो. ते स्टूल पास होतं, म्हणून निदान मोडलं नाही.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझा सदरा मागितला. मी बनियनवर बसलो. त्यांनी माझ्या खिशाच्या तोंडाला पाच टाके घातले. आता त्यातून फळ्याची बारीक लेखणी आत जायची, जाडा मार्कर जायचा नाही. "हे झालं तुमचं," ते म्हणाले. "आता फळ्याचं बघू." मला समजावून सांगण्यापेक्षा माझा खिसा शिवणं त्यांना सोपं वाटलं. मी सदरा परत अंगात घातला.

मग त्यांनी फळ्याच्या मापाची पुठ्ठ्याची चौकट कापली. जिथं फळा बोटाला दाद देत होता तिथं खिडक्या ठेवल्या. मधली बधिर जागा पुठ्ठ्याने झाकली आणि तिच्यावर खाचा केल्या. वर कडेला पुठ्ठ्याच्या पट्ट्या टांगल्या: अर्धा, तिसरा भाग, पाव. अर्ध्याच्या खाचेत दोन पाव बरोबर बसत. दुसरं काही घातलं की फट राही, नाहीतर पट्टी बाहेर डोकावे. पोरांना चुकताच येत नव्हतं. मी खूश झालो. मास्तर मात्र कात्री घेऊन बसले आणि अर्ध्याच्या खाचांपैकी एक त्यांनी मुद्दाम इंचभर लांब कापली.

"अहो, ही बिघडली की!"

"बिघडवलीच हाय. सगळीकडंच कुंपण घातलं तर पोरं डोकं कुटं चालवणार?"

शुक्रवारी साहेब आले, शेवटच्या बाकावर बसले आणि पाचव्या मिनिटाला वीज गेली. फळा काळा पडला. मला समोर बार्शीचा बसथांबा दिसू लागला. पण पोरं पुठ्ठ्यात गुंतली होती. साहेबांनी सातवीतल्या रेणुकाला पुढे बोलावून अर्धा भरायला सांगितला. तिने नेमकी ती लांब खाच निवडली. त्यात तिसरा भाग बसवला, शेजारी पाव बसवला. दोन्ही पट्ट्या चपखल बसल्या. चूक उत्तर, आणि किती सुबक! मी ओरडायला तोंड उघडलं. चौकट सांभाळायला म्हणून मास्तर माझ्या मागेच उभे होते, त्यांनी माझा सदरा धरला आणि कानाशी पुटपुटले, "थांबा की. शिकणं हितंच हाय."

रेणुका पट्ट्यांकडे बघत राहिली. माझ्या आईचं औषध, मधली सुट्टी, सायकल, सगळं त्या खाचेत अडकून पडलं होतं.

"बसलं," ती सावकाश म्हणाली, "पण अर्धं न्हाय हे. पाव आणि पाव म्हंजे अर्धं. तिसरा भाग पावापेक्षा मोठा असतोय. मग हे जास्ती झालं. ही खाचच खोटी हाय, सर!"

साहेब उठून फळ्यापाशी आले, त्यांनी स्वतः दोन-तीन पट्ट्या लावून पाहिल्या, एक चुकवली आणि इकडेतिकडे बघून पटकन काढून घेतली. जाताना त्यांनी शेरा लिहिला, 'डिजिटल तंत्रज्ञानाचा अत्यंत प्रभावी वापर.' वीज त्यानंतर अर्ध्या तासाने आली. मोठ्या बाईंनी बार्शीचा विषय पुन्हा काढला नाही, आणि प्रभावी वापराबद्दल सत्कार अर्थातच माझा झाला. मास्तर टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत होते.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. आता वर्गात दुसरा फळा आला आहे, सगळीकडून बोट लावा, सगळं चालतं. चुकलं की टुणकन वाजतो आणि बरोबर उत्तर स्वतःच दाखवतो. पोरं टुणकन ऐकायला मुद्दाम चुकतात. पुठ्ठ्याची चौकट मी कपाटामागे जपून ठेवली आहे. तिच्या पट्ट्यांचे कोपरे पोरांच्या बोटांनी मऊ झालेत.

परवा मास्तरांकडे गेलो. गुडघ्यांनी बसते झालेत, पण दारावरच्या नव्या बेलवर खडूचा शेरा होताच. चहा झाला. मी मुद्दाम तोच सदरा घालून गेलो होतो. निघताना धीर करून विचारलं, "मास्तर, इतक्या वर्षांत जगातल्या सगळ्या वस्तू तपासल्यात. मी पास की नापास, ते कधी सांगितलं नाहीत."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. खिशावरच्या पाच टाक्यांवरून बोट फिरवलं, एक सैल झाला होता तो नखाने आत सारला, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक दिली, "अगं, सुई-दोरा आण. ह्यांना सांगून कळत न्हाय, शिवावंच लागतंय!"