माझा पाय सरळ होत नव्हता

"सोआस ॲब्सेस," सोनोग्राफी करणारी तरुण डॉक्टर म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनं तमिळमध्ये समजावलं, "कंबरेच्या मणक्यांपासून जांघेपर्यंत एक स्नायू जातो, अगदी खोल. मांडी वर उचलतो तो. त्यात पू झालाय, अम्मा, बराच. इतके दिवस काय करत होतात?"

काय करत होते? डॉक्टरकडे जात होते! अठरा दिवसांत चार वेळा.

मी रडले नाही. संतापले. तो संताप अजून आहे, म्हणूनच लिहिते आहे.

मी पापनाशमच्या शाळेत गणित शिकवते, तंजावूरहून रोज बसनं जाते. एका सकाळी बसच्या पायरीवर उजवा पाय उचलेना. जांघेत कळ आली. संध्याकाळी थंडी वाजून ताप.

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीजवळ एक डॉक्टर होते. त्यांनी टेबलापलीकडूनच चौकशी केली, तीही माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे. "सायटिका," म्हणाले. म्हणजे कंबरेतली नस दबलीय. पट्टा बांधा, इंजेक्शनं घ्या. आणि ताप? "थकव्याचा."

आठवडाभरात पाय सरळ होईना. गुडघ्याखाली उशी घेऊन पडायची. तिसऱ्या खेपेला हे डॉक्टरांना म्हणाले, "परीक्षेचे पेपर आलेत. फार टेन्शन घेते ती."

"बायकांची निम्मी दुखणी मनातली," डॉक्टर म्हणाले. दोघं हसले. मी तिथंच बसले होते, अंगात ताप घेऊन. मला झोपवून कुणी पोट दाबून पाहिलं नाही, पाय हलवून पाहिला नाही.

चौथ्या खेपेला एकटीच गेले. इंजेक्शन देणारी सिस्टर म्हणाली, "पाय सरळ करा."

"होत नाही."

तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. मग स्वतःच हळूच पाय खाली दाबला. मी किंचाळले. तिनं दार लोटलं.

"अम्मा, मला हे सायटिका वाटत नाही. मोठ्या हॉस्पिटलात जा. आजच. मी सांगितलं म्हणू नका."

मी तशीच रिक्षात बसले. एसटीडी बूथवरून ह्यांना कळवलं, "ॲडमिट व्हायला चाललेय. येताना चादर आणा."

तिथल्या सर्जननी मला डाव्या कुशीवर झोपवून उजवा पाय मागे ओढला. जीव गेल्यासारखं झालं. "ही सोआसची खूण," ते म्हणाले. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या. मग ती सोनोग्राफी.

दुसऱ्या दिवशी कुशीत नळी घालून पू काढला. भांडंभर निघाला. आपल्याकडे ह्या स्नायूत पू झाला की टीबीचीही शंका घेतात, म्हणून ती तपासणी झाली. टीबी नव्हता. कल्चर म्हणजे पुवातले जंतू वाढवून बघतात. त्यात स्टॅफिलोकोकस निघाला, कातडीवर राहणारा जंतू.

"अंगावर कुठं गळू, जखम?" सर्जननी विचारलं.

नव्या चपलेनं टाचेला फोड आला होता, तो मी पिनेनं फोडला होता. जंतू बहुधा तिथूनच रक्तात शिरून इतका खोल पोचला, असं ते म्हणाले. दोन आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, मग महिनाभर गोळ्या.

"आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं."

घरी आल्यावर शेजारी भेटायला आले. हे सांगू लागले, "आम्ही वेळेवर ओळखलं म्हणून बरं!"

"आम्ही नाही," मी म्हणाले. "तुम्ही हसलात." आणि सगळ्यांना पहिल्यापासून सांगितलं. फक्त सिस्टरचं नाव घेतलं नाही. ती नसती तर आज मी नसते.

शेजारी गेल्यावर हे म्हणाले, "लोकांसमोर बोलायलाच हवं होतं?"

"हो."

मग दोन दिवस आम्ही बोललो नाही.

तुमचं दुखणं कुणी मनातलं म्हणालं, तर गप्प बसू नका. ताप असेल, पाय पोटाशी ओढला जात असेल, तर हात लावून तपासायला भाग पाडा. मी फार उशिरा शिकले.

पुढच्या तपासणीला हे बरोबर आले. सर्जननी सवयीनं त्यांच्याकडेच बघून विचारलं, "आता कसं वाटतंय त्यांना?"

हे म्हणाले, "तिलाच विचारा, डॉक्टर."