लांडगिणीसाठी एक बाज

माझं शेवटचं पोस्टिंग ईशान्येकडच्या एका पहाडी नदीवर होतं. आम्ही इंजिनिअर्स. आमचं काम पूल बांधायचं, नदीचं काम तो वाहून न्यायचं. दोघांनीही ड्यूटी चोख केली. तिथून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि राहूजवळच्या आमच्या वस्तीवर राहायला आलो. एसटीतून उतरलो त्या दिवसापासून मी मेजर आहे. आमच्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. ज्या बढतीला फौजेत आणखी एक जन्म लागला असता, ती गावानं उभ्या उभ्या दिली.

पहाटे उठायची सवय सुटली नाही. उठून करायचं काय, हा प्रश्न होता. मग दुर्बीण घेऊन माळावर जायला लागलो. उसाची शेतं संपतात तिथं आमचा माळ सुरू होतो. कुसळी गवत, मुरूम, मधेच एखादी घळ. लोक त्याला पडीक म्हणतात. त्या पडीक जागेत मला चिंकारा दिसले, खोकड दिसलं, आणि एका सकाळी लांडग्यांचं जोडपं दिसलं. बिबट्या उसात शिरला आणि उसाचाच झाला. लांडग्याला ते जमत नाही. लांब पाय, लांब नजर. त्याला उघडं रानच लागतं.

या भागाच्या वनरक्षक ज्योती मॅडम. माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी ब्रीफिंग दिलं.

"मेजर, लांबून बघायचं. जवळ जायचं नाही. कुणाला जागा सांगायची नाही."

"येस मॅडम."

इतकी स्वच्छ ऑर्डर बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती.

जानेवारीतली गोष्ट. नाश्त्याला बसलो होतो. बिरामामांचा फोन आला. बिरामामा धनगर, त्यांचा मेंढरांचा वाडा माळाच्या कडेलाच असतो.

"मेजर, लांडगा पडलाय हिरीत. या बघायला."

माळाच्या टोकाला एक जुनी विहीर आहे. कठडा नाही. गवत वाढलं की काठ कळत नाही. मी पोचलो तेव्हा पन्नासेक माणसं जमली होती. कारेगावच्या कंपनीत निघालेल्या पोरांनी बाइक थांबवून मोबाइल काढले होते. दोघांच्या हातात दगड होते.

"दगड खाली!" मी ओरडलो.

परेड ग्राउंडचा आवाज अजून शाबूत होता. दगड खाली पडले. एकाचा मोबाइलही पडला.

विहिरीत डोकावलो. पाण्यालगत एका कपारीला पुढचे पाय टेकून ती उभी होती. मागचं अंग पाण्यात. डावा कान फाटलेला. मधूनच पाय निसटायचा, ती पाण्यात जायची, पोहून पुन्हा कपार धरायची. दर वेळी जास्त वेळ लागत होता. दुर्बीण लावली. एकदा ती कपारीवर चढायला उसळली तेव्हा पोट दिसलं. आचळं भरलेली होती.

मॅडमना फोन लावला. त्या शिरूरच्या बाजूला बिबट्याच्या कॉलवर गेल्या होत्या.

"मादी आहे. पिलांची आई. दमली आहे. ओव्हर."

"मेजर, हा फोन आहे," त्या म्हणाल्या. "साहेबांना कळवते आणि निघते. पण रेस्क्यू टीम दुपारपर्यंत येणार नाही. टिकेल का ती?"

"नाही."

मग म्हणाल्या, "बाज सोडता येईल? चारी कोपऱ्यांना दोर. विहिरीत कुणी उतरायचं नाही. माळाकडची बाजू पूर्ण मोकळी ठेवा. वर आली की सगळे मागे. फोन चालू ठेवा."

"येस मॅडम."

बाज आमच्या ओसरीवरची आली. बायकोनं पाठवताना विचारलं, कुणाला लागलंय का. आणायला गेलेल्या पोरानं खरं कारण सांगितलं नाही. शहाणा पोरगा.

बिरामामा बाजूला काठीवर हनुवटी टेकून उभे होते. म्हणाले, "बुडू द्या की. तीन कोकरं नेली हिनं."

"मामा, पिलं आहेत तिची. घळीत कुठंतरी."



दोर बांधले, बाज सोडली. ती आधी बिचकली, मग बाजेवर चढली. चार कोपऱ्यांवर चार टोळ्या ओढायला लागल्या. आणि जो तो आपल्या जोरानं ओढू लागला. निम्म्यावर बाज कलली. मी थांबा म्हणेपर्यंत ती सरळ पाण्यात. गर्दीतून एकदम आवाज उठला. ती वर आली, पण कपारीकडं गेली नाही. गोल गोल पोहायला लागली. हे लक्षण चांगलं नव्हतं.

शेजारच्या गुऱ्हाळावरचे कामगार बघायला आले होते. उत्तर प्रदेशातली माणसं. उकळत्या काकवीची एवढी मोठी कढई रोज उतरवतात. त्यांच्या मुकादमाचं नाव रामदीन.

मी म्हटलं, "रामदीन, चार आदमी चाहिए. बराबर उठाना है."

"साहब, कढ़ाई जैसा?"

"कढ़ाई जैसा. मेरी गिनती पर."

दोन कोपरे गुऱ्हाळवाल्यांनी घेतले, एक कंपनीच्या पोरांनी. चौथ्या कोपऱ्यावर माणूस शोधत होतो, तर बिरामामांनी काठी खाली ठेवून दोर धरला होता.

"आमची मेंढरं हितलंच पाणी पित्यात," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "मेली म्हंजी वास मारंल."

"व्हय मामा," मी म्हटलं.

बाज तिच्या अगदी जवळ सोडली. तिनं पुढचे पाय टाकले. मग सगळं अंग ओढून घेतलं आणि आडवीच झाली.

"एक... दो! एक... दो!"

हात हात दोर वर येत होता. बाज पाटासारखी सपाट. फोनवरून मॅडम विचारत होत्या, "कुठपर्यंत आली? कुठपर्यंत?" उत्तर द्यायला मला श्वास नव्हता. काठाशी आल्यावर तिनं मान उचलली. मी हाताएवढ्या अंतरावर होतो. पिवळे डोळे. अंग थरथरत होतं.

"सब पीछे!"

दोर आधीच ठोकून ठेवलेल्या खुंट्यांना अडकवून सगळे मागे सरले. ती काठावर उडी मारून उतरली, एकदा अंग झाडलं आणि मोकळ्या ठेवलेल्या बाजूनं घळीकडं पळत सुटली. पोरांना वाटलं, वळून बघेल. ती वळली नाही. तिला कामं होती.

फोनवर म्हटलं, "मॅडम, मिशन कंप्लीट. ओव्हर अँड आउट."

या वेळी त्यांनी मला टोकलं नाही. मागून त्यांच्या ड्रायव्हरची शिट्टी मात्र ऐकू आली.

रामदीननं सगळ्यांना गरम गूळ खायला घातला. बाज घरी नेली. बायकोनं वास घेतला, मग माझ्याकडं पाहिलं. "आता हिच्यावर तुम्हीच झोपा," म्हणाली. पुढं महिनाभर झोपलो. वास इतका वाईट नव्हता.

फेब्रुवारीत लांबून पिलं दिसली. चार. आईचं शेपूट ओढत होती.

पुढच्या वर्षी पाऊस संपल्यावर ती गेली. भर दिवसा रस्त्याच्या कडेला अडखळत चालताना दिसली. पिंजरा येईपर्यंतच संपली. कान मी ओळखला. डॉक्टर म्हणाले, कुत्र्यांकडून येणारा रोग आहे. नियमाप्रमाणे माळाच्या कडेला दहन केलं. मॅडम, मी आणि बिरामामा होतो. मी सावधान उभा राहिलो. मुद्दाम नाही; पाय आपोआप जुळले.

त्या थंडीत आम्ही गावातल्या, वाड्यावरच्या, गुऱ्हाळावरच्या सगळ्या कुत्र्यांना लस टोचून घेतली. एवढी बेशिस्त परेड मी जन्मात पाहिली नव्हती. रामदीनचा कुत्रा उसात पळाला. बिरामामांचा एक कुत्रा डॉक्टरांना नाही, मामांनाच चावला. मॅडम हसून हसून खाली बसल्या.

यंदा संक्रांतीच्या सुमारास बिरामामा सकाळीच दारात आले.

"कोकरू गेलं मेजर."

"मॅडमना पंचनाम्याला बोलावू?"

"बोलवा, पर घाई न्हाई." ते ओसरीवर टेकले. "तिची लेक हुती. चालायची ढब सेम आईची. तोंडात कोकरू, आन् निघाली घळीकडं. पोटाला बघितलं मी. पिलं झाल्याती."

"तुम्ही ओरडला नाही?"

"आईची याद आली. वराडायचं ऱ्हाऊन गेलं."

बायकोनं चहा आणला. फौजेत कुणी जवान गेला की त्याच्यासाठी दोन मिनिटं उभं राहतात. आम्ही बसूनच होतो, पण चहा निवेपर्यंत दोघांपैकी कुणी बोललं नाही.