लेकरू आईचं, कागद बापाचा

त्या वर्षी मी अकोल्याच्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास शिकवत होते. तासिका तत्त्वावर, म्हणजे वर्गात उभी असेन तेवढ्या वेळेपुरतीच मी प्राध्यापक. घर अमरावतीत. सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायची, दुपारी तीच वाट परत. वर्गात सात जण. पाच मुली, दोन मुलं. वसाहतींपासून राज्यघटनेपर्यंतचा भाग मी दहा वर्षं त्याच नोट्सवरून शिकवत आले होते, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या कुठल्याही ओळीनं माझी झोप उडाली नव्हती.

लेक त्याच वर्षी बारावी झाली. प्रवेश परीक्षेत गुण चांगले पडले आणि सरकारी नर्सिंग कॉलेजात राखीव जागेवर तिचा नंबर लागला. प्रवेश घेताना आम्ही दोघींनी हमीपत्रावर सह्या केल्या: तीन महिन्यांत जातवैधता प्रमाणपत्र आणून देऊ, नाही दिलं तर प्रवेश आपोआप रद्द. मला त्याचं काही वाटलं नाही. माझं स्वतःचं प्रमाणपत्र होतं, माझ्या वडलांचं होतं, आजोबांचा शाळेचा दाखला होता. सगळं नीट फाईलला लावून मी पडताळणी कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहिले.

खिडकीमागच्या माणसानं पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं आणि फाईल माझ्याकडे सरकवली.

"हे तर तुमच्याकडचे झाले मॅडम. पोरीच्या वडलांकडचे कुठी हायेत?"

"आम्ही वेगळे राहतो. ती तीन वर्षांची होती तेव्हापासून. तिला मीच वाढवली."

"वाढवली असान. पण जात वडलांकडून येते. वडलांचा, आजोबाचा, नाई तर पंजोबाचा पन्नास सालाच्या आधीचा कागद पायजे. आन् वंशावळीवर वडलांकडच्या माणसाची सही."

नुसत्या आईच्या कागदांवरही होऊ शकतं, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, असं बाहेर एका वकिलानं सांगितलं. किती दिवस लागतात, विचारलं, तर तो हसला.

दुसऱ्या दिवशी वर्गात व्हर्जिनियाचा धडा होता. सतराव्या शतकातली एक बाई. आई आफ्रिकेतून आणलेल्यांपैकी, बाप इंग्रज. मालक मेला तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत गुरांढोरांबरोबर तिलाही धरलं. तिनं कोर्टात दाद मागितली की माझा बाप इंग्रज होता, इंग्रजांच्या कायद्यात लेकरू बापाचं असतं, म्हणून मी गुलाम नाही. बरीच खेचाखेच झाली, पण शेवटी ती सुटली. त्यानंतर काही वर्षांतच तिथल्या विधानसभेनं कायदा केला: यापुढे लेकरू आईचं. आई गुलाम तर लेकरूही गुलाम, बाप कोणीही असो. म्हणजे मालकानं आपल्या गुलाम बाईला लेकरू दिलं तरी त्याचं नुकसान नाही, उलट एक माणूस वाढला.

एरवी हे मी दहा मिनिटांत उरकत असे. त्या दिवशी सांगता सांगता मध्येच थांबले. पहिल्या बाकावर शिलाईकाम करणाऱ्याची मुलगी बसायची. घरी उर्दू, आमच्याशी वऱ्हाडी, आणि पेपरात शुद्ध मराठी लिहायची. तिनं विचारलं, "मॅडम, म्हणजे ते बाई जितली म्हणून कायदा बदलला?"

"तेही एक कारण असावं."

"मंग जितून काय झालं?"

"ती स्वतः सुटली."

"आन् बाकीच्या?"

मी म्हटलं, बाकीच्यांसाठी दार बंद झालं. आणि फळ्याकडे वळले.

लेकीचा बाप चांदूर बाजारला राहतो. दुसरं लग्न, दोन मुलं. फोन उचलेना म्हणून मी जायचं ठरवलं. लेक म्हणाली, "मी पण येतो." मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "माह्या कामाले मी नाई तर कोण जाईन?"

बसस्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात तो आला. केस पिकलेले, खिशाला पेन. पंधरा वर्षांनी तो आपल्या मुलीसमोर बसला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि शेजाऱ्याच्या पोराला विचारावं तसं विचारलं, "कितवीत हायेस?"

"बारावी झाली. नर्सिंगले नंबर लागला."

"चांगलं हाये."

मी वंशावळीचा कोरा नमुना पुढे केला. सही आणि आजोबा-पंजोबांची नावं, एवढंच हवं होतं. माझी अडचण तर अशी की त्याच्या आजोबांचं नावही मला माहीत नव्हतं. सहा वर्षं त्या घरात राहिले, पण कोणी कधी घेतलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

त्यानं कागदाला हात लावला नाही. "माह्या घरी इच्याबद्दल माहीत नाई," तो म्हणाला. "उद्या चौकशीवाले घरी येतीन. बायको काय म्हणन? पोरं मोठी झाली."

"मी पण मोठी झाली," लेक म्हणाली.

तो मग माझ्याकडे वळून बोलला, "तू मास्तरीण हायेस. तुले काय कमी? प्रायव्हेटमध्ये टाक तिले." आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठला. लेकीनं त्याला थांबवलं नाही. परतीच्या बसमध्ये तिनं मला एकच प्रश्न विचारला: "आई, मी याच्यासारखी दिसतो का?" मी नाही म्हणाले. खोटं होतं ते.

महिना गेला. मी त्याच्या घराची पायरीसुद्धा चढून आले. दारात त्याची बायको आली, मी "सर्व्हेचं काम आहे" असं काहीतरी पुटपुटले आणि मागे फिरले. का, ते अजून सांगता येत नाही. तिच्या कडेवर कोणाचं तरी लेकरू होतं, त्याला ती वरणभात भरवत होती.

शेवटी नणंद आठवली. त्याची थोरली बहीण, भातकुलीला अंगणवाडीत मदतनीस. आमचं बिनसलं तेव्हा तिनं भावाची बाजू घेतली होती, म्हणून मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. तिच्या दारात उभी राहिले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, लेकीला जवळ ओढलं आणि कितीतरी वेळ तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिली.

"तो सही करत नाई काहून?"

मी सांगितलं.

"त्याच्या बायकोचं भेव वाटते त्याले. मले नाई वाटत." तिनं पंजोबापर्यंतची नावं घडाघडा सांगितली आणि वंशावळीवर सही केली. अक्षर लहान मुलासारखं, एकेक वेगळं. मग म्हणाली, "बाई, माह्या भावानं मले तोडलं तर तुमी तरी येत जा."

आता कागद. त्या घरात शाळेत जाणारी पहिली पिढी पन्नासनंतरचीच, त्यामुळे शाळेचा दाखला नव्हता. उरलं कोतवाल बुक, गावच्या कोतवालानं जन्ममृत्यूची नोंद करायची जुनी वही. तहसीलमध्ये अर्ज केला. आठ दिवसांनी या. वही सापडली, लेकीच्या आजोबाच्या जन्माची नोंदही सापडली, पण मोडी लिपीत. मोडी वाचणारा माणूस शोधा, त्याच्याकडून देवनागरी करून घ्या, मग शिक्का. मी सकाळी अकोल्याला आणि दुपारी तहसीलला अशी पळत होते. दोनदा तास बुडाले. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की असंच चालणार असेल तर पुढच्या सत्राला वेगळा विचार करावा लागेल.

मोडीचा माणूस म्हातारा, जाड भिंगाचा. त्यानं ओळीवर बोट ठेवून वाचलं. गाव, तिथी, बापाचं नाव, जात. आम्ही छप्पन साली जी जात टाकून बौद्ध झालो तीच, आणि ती तिथे होती म्हणून मला हायसं वाटलं. या हायसं वाटण्याचीच नंतर लाज वाटली. मी विचारलं, "आणि मुलाचं नाव?"

"नाव नाही. 'मुलगा' एवढंच."

"असं कसं?"

"असंच लिहीत. कोणाच्या घरी काय झालं तेवढं. नाव कशाला लिहितील?"

मी ती नक्कल घेऊन खिडकीशी गेले. हमीपत्राचे अकरा दिवस उरले होते. माणूस तोच. त्यानं वाचलं आणि डोकं हलवलं. "हा मुलगा म्हणजे पोरीचा आजोबाच, हे कशावरून? त्या पंजोबाले चार पोरं असतीन."

"चार नव्हते. एकच जगला."

"त्याचा कागद?"

मला तिथे ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. खाली येऊन जिन्यावर बसले. माझ्यासारखे आणखी सात-आठ जण बसले होते, सगळ्यांच्या मांडीवर फायली.

त्याच आठवड्यात वर्गात राज्यघटनेचा धडा आला. सगळी माणसं समान जन्मतात असं जाहीर करणाऱ्या पुढाऱ्यांतल्या अनेकांच्या मळ्यांवर गुलाम होते. पुढे राज्यघटना झाली तेव्हा प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब धरला, आणि त्या वाढीव जागा मिळाल्या मालकांच्या राज्यांना. मग पहिली जनगणना. कुटुंबप्रमुखाचं नाव लिहिलेलं, त्याच्यापुढे रकाने, शेवटच्या रकान्यात गुलाम किती तो आकडा. नाव नाही, वय नाही.

मी सांगत होते आणि एकदम माझा तोल गेला. मोडी लिपीतली ती ओळ, खिडकीवरचा माणूस, चांदूर बाजारचा अर्धा चहा, सगळं बोलून गेले. म्हणाले, "आमचंही तसंच आहे. आम्हीही रकान्यातलेच." डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी खडू हातात धरून उभी.

मग शिलाईवाल्याची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, वाईट नका वाटू देऊ. पण तुमच्या पोरीले कोणी विकलं नाई. त्यायच्या लेकरायले आईच्या मांडीवरून उचलून विकत होते. तुमीच शिकवलं."

तिचं खरं होतं. दहा वर्षं मी त्या बायकांवर पाच गुणांचा प्रश्न काढत आले, आणि आता माझ्यावर वेळ आली तर त्यांचं दुःख माझ्या फायलीला जोडून मोकळी झाले. मी "बरोबर आहे" म्हटलं आणि खाली बसले. तास संपायला वीस मिनिटं होती. घंटा झाल्यावर ती मुलगी पाण्याची बाटली माझ्या टेबलावर ठेवून गेली.

नणंदेनं मग तहसीलला येऊन प्रतिज्ञापत्र केलं, त्यांच्या मूळ गावातला एक नव्वदीचा म्हातारा साक्षीला आणला. सुनावणीची तारीख लागली, पण ती हमीपत्राची मुदत संपल्यावरची. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी आणि लेक नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसात चार तास बसलो. तिथल्या बाईंनी चहा दिला, वर फोन लावला, पुन्हा लावला. शेवटी म्हणाल्या, "माझ्या हातात असतं तर केलं असतं हो." लेकीनं रोज वर्गात घालायची तो पांढरा एप्रन अंगातून काढला, घडी घातली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "ओळखपत्र परत द्यावं लागते का?"

प्रमाणपत्र आलं ते जागा गेल्यावर चार महिन्यांनी, पोस्टानं. लेकीच्या नावानंतर बापाचं नाव, मग आडनाव. माझं नाव त्यावर कुठेच नाही. मी तिला म्हटलं, आता पुढच्या वर्षी प्रवेश परीक्षेला पुन्हा बसता येईल. ती "पाहू" म्हणाली. त्या वर्षीच्या परीक्षेचा फॉर्म तिनं भरला नाही, मी विचारलं तेव्हा कळलं.

आता ती अमरावतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. सकाळी स्कूटीवर घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. हात हलका आहे तिचा, म्हाताऱ्या बायका फोन करून तिलाच पाठवा म्हणतात. तिच्या बापाचा एकदा फोन आला होता, बहिणीशी बोलणं का सोडलं ते सांगायला. लेकीनं ऐकून घेतलं आणि ठेवला. माझ्याशी ती बोलते, पण कामापुरतं. एकदा मी न राहवून विचारलं, "माझ्यावर राग आहे का?"

ती ट्यूबांवर लेबलं चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुह्यावर नाई. पण कोणावर करू ते सांग."

ती लेबलं चिकटवत राहिली, प्रत्येकावर पेशंटचं पूर्ण नाव, वय, वेळ. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला.