सहा कोपरे वाचवून बांधलेला गोठा

घर बांधून झालं की तीन गोष्टी उरतात. सिमेंटची अर्धी पोती, रंगाचे डबे आणि किस्से. पोती शेजारचा पॉड्रिग घेऊन गेला. डबे इथल्या, म्हणजे आयर्लंडमधल्या लिमरिकच्या, मराठी मंडळींनी आपापल्या भिंतींसाठी पळवले. किस्से मात्र कुणी नेत नाही. उलट गणपतीला भेटलो की 'रश्मी, तो मीटिंगचा किस्सा सांग ना!' म्हणून फर्माईश होते, आणि एक सांगायला जावं तर त्याच्या मागून दुसरा येतो.

तर आधी थोडी पार्श्वभूमी. मी रश्मी, कोथरूडची, सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्याच्या कामात चुका काढायचा पगार घेते. नवरा संतोष, कराडजवळच्या गावातला, हाही आयटीतच. मुलगी ईरा, नऊ वर्षांची, मराठी सगळं समजतं आणि उत्तर मात्र लिमरिकच्या इंग्लिशमध्ये! आम्ही ज्या घरात भाड्याने राहत होतो, ते मालकिणीने विकायला काढलं. दोन वर्षांची मुदत दिली बिचारीने, पण ती संपली की सप्टेंबरअखेर घर खाली करायचं म्हणजे करायचं. भाड्याने दुसरं मिळायची इथे मारामार, तयार घर घ्यायची ऐपत नाही. मग ठरलं, स्वतः बांधायचं, आणि स्वस्तात बांधायचं. लोखंडी सांगाडा, वर पत्र्याचं उतरतं छप्पर, आत एक मोठी लांबलचक खोली. इथे त्याला बार्न-स्टाइल म्हणतात आणि फोटोत ते फार देखणं दिसतं.

*

संतोषने गावी व्हिडिओ कॉल लावला आणि आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ही बातमी दिली.

"बार्न म्हंजी काय रं?"

"म्हणजे आबा, इथे शेतावर गवत ठेवायला, जनावरं बांधायला जी मोठी शेड असते ना, तसं घर."

आबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, आम्हाला नुसतं कपाळ दिसायला लागलं.

"म्हंजी गोठा," ते म्हणाले. "एवढा शिकीवला तुला, परदेशात धाडला, ते गोठ्यात राहायला व्हय?"

संतोषने जवळजवळ तासभर इन्सुलेशन समजावलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवताना एवढंच विचारलं, "आन् म्हशी किती?"

*

पॉड्रिग म्हणजे आमचा शेजारी. जमीन त्याच्याचकडून घेतली. धंदा शेतीचा, जोडधंदा गोठे बांधायचा, आणि आमची सगळ्यात मोठी बचत हीच की घर बांधायला आम्ही घर बांधणारा नाही, गोठे बांधणारा माणूस धरला.

पहिला नकाशा संतोषने हौसेने काढून आणला होता. एल आकाराचं घर, शिवाय माझ्या आईच्या आग्रहाने बाहेर काढलेली छोटी देवघराची खोली. पॉड्रिगने तो टेबलावर पसरला, पेन्सिलने एकेक कोपरा मोजला. दहा भरले.

"छान आहे," तो म्हणाला. "मला स्पेन आवडतं."

"म्हणजे?"

"प्रत्येक कोपरा म्हणजे जास्तीचं कापकाम, जास्तीचे जोड, गळायची जास्तीची जागा. तुझ्या एका कोपऱ्यावर मी एकदा स्पेनला जाऊन येईन. बायकोला घेऊन."

संतोषने तिथल्या तिथे खोडरबर मागितलं. एल गेला, देवघर गेलं, उरला चार कोपऱ्यांचा सरळ आयत. पॉड्रिगची बायको मला रस्त्यात भेटली की अजून म्हणते, 'तुम्ही माझ्या सहा सुट्ट्या खाल्ल्या.'

*

आबा पहिल्यांदा आले ते पाया आणि फरशीचं काँक्रीट टाकायच्या वेळी, जूनमध्ये. सासूबाईंना थंडी सोसत नाही म्हणून एकटेच. कुणाचे सासरे येतात ते लोणचं, भडंग, काकवी घेऊन येतात. आबांची बॅग विमानतळावर मशीनमधून गेली आणि दोन अधिकारी धावत आले. आत थापी, दोरीचं रीळ, आणि फडक्यात बांधलेला पितळी ओळंबा. भिंत सरळ आहे का बघायला दोरीला टांगतात ते टोकदार वजन.

"हे काय आहे?" अधिकाऱ्याने विचारलं. मागे उभ्या एका नागपूरच्या पोराने भाषांतर केलं.

आबांनी ओळंबा दोरीला धरून त्याच्या टेबलासमोर लोंबकळत सोडला. टेबल बघितलं. मग त्या पोराला म्हणाले, "सांग त्यास्नी, टेबल कललंय त्यांचं."

*

आबा गवंडी. गावातली निम्मी घरं, शाळा, तालमीची भिंत, सगळं त्यांच्या हातचं. त्यामुळे काँक्रीट टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी ते सकाळी उठून बादली आणि पाइप घेऊन साइटवर हजर! ताज्या काँक्रीटला पाणी मारायचं, हे आपल्याकडे बाळालाही माहीत असतं. फक्त त्या सकाळी पाऊस पडत होता. साधा नाही, आडवा!

"आबा, इट्स लॅशिंग!" ईरा गाडीतूनच ओरडली. म्हणजे इथल्या भाषेत, पाऊस झोडपतोय.

आबा छत्री घेऊन, पावसात, काँक्रीटला पाणी मारत होते. पॉड्रिगने ट्रॅक्टर थांबवला. मग त्याच्या पोराने थांबवला. मग टपालवाल्याने गाडी थांबवली. संतोषला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आबा, पाऊस मारतोय ना पाणी!"

"पावसावर इस्वास ठिऊन म्या आजवर एक बी स्लॅब टाकला न्हाई."

आणि काय सांगू, तिसऱ्या दिवसापासून पाऊस गायब झाला. आठ दिवस कडक ऊन आणि भन्नाट वारा. आबांनी पॉड्रिगकडून रिकामी पोती मागून घेतली, काँक्रीटवर पसरली आणि दिवसातून चार वेळा भिजवली. त्याच आठवड्यात पलीकडच्या रस्त्याला आणखी एक घर होत होतं, त्याच्या फरशीला तडे गेले. आमच्या फरशीला केसाएवढीही रेघ नाही. मग आम्ही टाइल्सचा विचारच सोडला, त्याच काँक्रीटला पॉलिश केलं. घरातली दुसरी मोठी बचत ती. आज पाहुणे बूट काढून त्यावर उभे राहतात आणि 'कुठला दगड?' विचारतात.

पॉड्रिग पॉलिश झाल्यावर आला, वाकला, हात फिरवला आणि म्हणाला, "नॉट द वर्स्ट."

मला रागच आला. संतोष म्हणाला, "अगं, इथे याच्या वर शब्द नाही. लग्नात नवरीलासुद्धा हे एवढंच म्हणतात." मला एकदम आबा आठवले. संतोष बारावीला तालुक्यात पहिला आला तेव्हा आबांनी मार्कशीट बघून "चालंल" म्हटलं होतं.

*

हिवाळ्यात सांगाडा उभा राहिला. आबा परत गेले होते आणि संतोषला मोकळं रान मिळालं. त्याने ऑफिससारखी रोज सकाळी आठची स्टँड-अप मीटिंग सुरू केली. साइटवर, कडाक्याच्या थंडीत, सगळ्यांनी गोल उभं राहायचं. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय? प्लायवुडच्या फळीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्या वाऱ्याने रोज गुरांच्या शेतात जायच्या आणि पॉड्रिगची पोरं गोळा करून आणायची.

पाच दिवस पॉड्रिगने सहन केलं. सहाव्या दिवशी संतोषने विचारलं, "पॉड्रिग?"

"काल मी पत्रे बसवले," पॉड्रिग म्हणाला. "आज मी पत्रे बसवणार आहे. अडचण ही मीटिंग आहे."

प्लायवुडची ती फळी आता पोटमाळ्याचं दार आहे.

*

किचनची गोष्ट माझी आहे आणि तिचा मला भयंकर अभिमान आहे. डब्लिनला ब्युमॉन्टमध्ये एक डॉक्टरीणबाई आपलं चांगलं ओक लाकडाचं किचन, कपाटं-फळ्यांसकट, काढून नवीन बसवत होत्या. शनिवारपर्यंत उचलून न्याल तर फुकट! आम्ही ट्रेलर घेऊन पोचलो. डब्लिनच्याच क्लोनडॉकिनहून आमचा मित्र प्रसाद मदतीला आला. तो पूर्ण वेळ 'अरे, नवीन घ्या की यार, इज्जत का सवाल आहे' म्हणत स्क्रू काढत होता.

मी टेस्टर. प्रत्येक फळीला नंबर, प्रत्येक दाराला खडूने पास किंवा फेल. लिमरिकला आणून नंबरवार जोडलं तर मुंगी शिरायला फट नाही! एका दाराची बिजागरी मोडकी होती, त्याच्या आत मी मोठ्या अक्षरात फेल लिहिलं होतं. बिजागरी बदलली, खडू पुसायचा राहिला. आता ईराचा खाऊ त्या कपाटात असतो. प्रसाद नवीन घरी जेवायला आला तेव्हा त्याने साखर शोधत नेमकं तेच दार उघडलं.

"अगं," तो म्हणाला, "मी म्हणालो होतो ना, नवीन घ्या!"

*

आबा दुसऱ्यांदा आले ते पुढच्या जूनमध्ये. घराला चक्कर मारली, फरशीवर टाच आपटून बघितली आणि बाहेर येऊन दारासमोर उभे राहिले.

"पडवी कुठं हाय?"

पडवी बजेटमध्ये नव्हती. "दारात माणूस आला तर भिजत उभा ऱ्हाईल व्हय?" आबा म्हणाले आणि विषय संपला. छप्पर पुढे ओढायचं, त्याच्या तुळईचं एक टोक दगडी भिंतीवर टेकवायचं, असं ठरलं. इथल्या गवंड्याने त्या भिंतीचा जो भाव सांगितला तो ऐकून संतोषने फोन कानापासून लांब धरला. जमिनीच्या टोकाला पॉड्रिगच्या आजोबांच्या गोठ्याचा ढिगारा पडला होता. आबांनी दगड उलटेपालटे करून बघितले. "ह्यातनं हुईल," म्हणाले.

घराची तपासणी करणाऱ्या इंजिनिअर मॅडम, शिनेड. तरुण, हुशार आणि कडक. त्यांची सही झाली की बँक शेवटचा हप्ता सोडणार, त्यातून विजेचं आणि पाण्याचं काम पुरं होणार, मग आम्ही आत. सही नाही तर सप्टेंबरअखेर आम्ही रस्त्यावर. त्यांना भिंतीचा बेत सांगितला. त्यांनी नकाशा तपासून होकार दिला, पण बजावलं, "या भिंतीवर छपराचा भार येणार आहे. नखभर जरी कलली, तर मी सही करणार नाही. पाडून परत बांधावी लागेल." पाडून परत बांधायला आमच्याकडे ना दिवस होते ना पैसे.

आबांनी सहा आठवडे घेतले. अडुसष्टाव्या वर्षी! संतोष ऑफिसमधून येऊन दगड वाहायचा. लहानपणी आबांनी त्याला थापीला कधी हात लावू दिला नव्हता, "तू पुस्तक धर" म्हणायचे. या वेळीही दगडच वाहायला दिले. एकदा पॉड्रिगने विचारलं, "तुझे वडील शिकले कुठे हे?" आम्ही एकाच कॉलेजात असताना माझा हा पठ्ठ्या 'वडील बांधकाम व्यवसायात आहेत' असं गुळमुळीत सांगायचा. मी स्वतः ऐकलंय. त्या दिवशी हातातला दगड खाली ठेवून तो म्हणाला, "माझे वडील गवंडी आहेत." मला आबांचा अभिमान होताच. त्या क्षणी नवऱ्याचा जास्त वाटला.

*

आणि आता मंडळी ज्याची वाट बघत बसतात तो किस्सा.

सप्टेंबरचा पहिला आठवडा. शिनेड मॅडम आल्या. आत सगळं बघितलं, ठीक म्हणाल्या. मग पडवीत आल्या. पेटीतून बॅटरीवर चालणारं लेव्हलचं मशीन काढलं आणि भिंतीला उभं टेकवलं. मशीनने 'पीप' केलं. मॅडमनी आकडा बघितला, कपाळाला आठी घातली, मशीन दुसरीकडे टेकवलं. पीप. तिसरीकडे. पीप. पॉड्रिगने टोपी काढली. संतोष जमिनीकडे बघत होता. मी ईराचा हात इतका घट्ट धरला की ती "मॉम, आउच!" म्हणाली.

मॅडमनी सहीचा कागद भिंतीवरच टेकवला, पेनचं टोपण काढलं.

"थांबा!" आबा म्हणाले.

मॅडमचं पेन हवेत थांबलं. संतोष हळूच म्हणाला, "आबा, प्लीज..."

आबांनी खिशातून फडकं काढलं, फडक्यातून ओळंबा. मॅडमचं मशीन टेकलं होतं बरोबर त्याच जागी, वरपासून दोरी सोडली. ओळंबा डुलायचा थांबेपर्यंत वाट बघितली. मग त्यांनी एक डोळा मिटून खालपासून वरपर्यंत बघितलं, ओळंबा पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि माझ्याकडे वळले.

"पोरी, मॅडमला सांग, करा म्हणावं सही. त्यांचं मशीन बरोबर हाय."